एका माणसाचा वाद्यवृंद : रेमो फर्नांडिस यांची पहिली ध्वनिफीत

एखाद्या कलाकृतीचा प्रभाव कशावरून ठरवावयाचा? खपाच्या आकड्यांवरून ठरवावा, तर ज्या चित्रपटगीतांनी एका वर्षी सारा देश दणाणून सोडला, त्यांतली कितीतरी दहा वर्षांनी कुणाच्या ओठांवर उरत नाहीत. जाणकारांच्या स्तुतीवरून ठरवावा, तर स्तुती ही पुष्कळदा त्या त्या काळाच्या आवडीनिवडीची प्रजा असते. साहित्याचे विद्यार्थी म्हणून हा प्रश्न आपण वर्गात वारंवार विचारतो. केशवसुतांनंतरची किंवा मर्ढेकरांनंतरची कविता पूर्वीसारखी का राहिली नाही, याचा शोध घेतो. परंतु तरुणांच्या संगीताबद्दल हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जणू ते संगीत म्हणजे केवळ संध्याकाळची करमणूक, अभ्यासाचा विषय नव्हे!

प्रस्तुत लेखात अशाच एका संगीतकृतीचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांची १९८४ सालची पहिली ध्वनिफीत ‘गोवन क्रेझी’. पाश्चात्त्य देशांत ज्याला ‘इंडी रॉक’ म्हणतात, त्या प्रकाराचा आपल्या परिसरातील हा बहुधा सर्वांत जवळचा आणि सर्वांत आरंभीचा नमुना होय. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लघुरूप. मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, स्वतःच्या बळावर काढलेले संगीत, एवढाच त्याचा मूळ अर्थ. तेव्हा हा शब्द चालींचे वर्णन करणारा नाही. तो मालकीचे वर्णन करणारा आहे. ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

१. कंपनी आणि कलावंत

ध्वनिमुद्रणाची कला आपल्या देशात विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी आली. १९०८ साली कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना निघाला आणि तेव्हापासून सुमारे सत्तर वर्षे ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘एचएमव्ही’चे, या क्षेत्रावर वर्चस्व राहिले. पुढे पॉलिडॉरसारखी स्पर्धक कंपनी आली, पण त्यामुळे व्यवस्थेचे स्वरूप पालटले नाही. तबकडी काढावयाची तर ध्वनिमुद्रणगृह हवे, वादक हवेत, तबकडी दाबणारे अवजड यंत्र हवे आणि गावोगावचे विक्रेते हवेत. हे सारे कंपनीच्या हाती. साहजिकच काय गायले जावे, हेही कंपनीच ठरवी. आणि कंपनीचा कल खपाची हमी असलेल्या चित्रपटगीतांकडे असे.

या व्यवस्थेत गोव्याच्या संगीतकारांचे स्थान मोठे विलक्षण होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चशी जोडलेल्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन आणि वाद्यवादन शिकलेले शेकडो गोमंतकीय मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यसंयोजन केले. ‘चिक चॉकलेट’ या टोपणनावाने गाजलेले ट्रंपेटवादक अंतोनियो शाविएर वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात जान ओतली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. परंतु तबकडीच्या वेष्टनावर यांपैकी किती जणांची नावे छापली गेली? ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका विनोदी गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले, तेव्हा ते घरोघरी पोचले; आणि तेही एका काल्पनिक पात्राचे नाव म्हणून! गोव्याने आपल्या चित्रपटसंगीताला सूर दिले, पण मोबदल्यात स्वतःचा चेहरा मिळविला नाही. उलट ‘बॉबी’ (१९७३) सारख्या चित्रपटांतून दारू पिणारा, तुटक हिंदी बोलणारा, दिलदार ख्रिस्ती कोळी हाच गोमंतकीयाचा ठसा लोकांच्या मनावर उमटत गेला.

स्वतःच्या भाषेत गाणारे गोमंतकीय नव्हते असे मुळीच नाही. क्रिस पेरी यांचे संगीत आणि लोर्ना यांचा आवाज यांनी कोंकणी गीतांना सत्तरच्या दशकात अपार लोकप्रियता मिळवून दिली. त्या दोघांच्या जीवनावर बेतलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट २०१४ मध्ये निघाला, यावरून त्या गाण्यांची स्मृती किती चिवट आहे हे दिसते. मात्र त्यांची गाणीही मुंबईत, कंपनीच्या तबकडीवरच निघत होती.

रॉक संगीताची स्थिती आणखी बिकट होती. आपल्याकडे बँड म्हटले की लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते. परंतु साठच्या दशकाअखेर मुंबई-कलकत्त्याच्या महाविद्यालयांत गिटार आणि ड्रम घेऊन गाणारे अनेक बँड निघाले होते. एका सिगारेट कंपनीने भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ साली तबकड्याही निघाल्या. तरीही परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजविणे हीच तेथे प्रावीण्याची कसोटी मानली जाई. स्वतः रचलेले गाणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा, असा आयोजकांचा समज असे.

२. शिवोलीच्या घरातील प्रयोग

रेमो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजी येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर १९७७ ते १९८० या काळात ते युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकले. वाटेत भेटलेल्या वाहनांतून प्रवास करीत आणि गाऊन-वाजवून पोटापुरते मिळवीत. गिटारइतकीच बांबूची बासरीही त्यांच्या हाताला वश होती. परत आल्यावर या पदवीधराने मुंबईत कार्यालय थाटले नाही. बार्देश तालुक्यातील शिवोली या आपल्या वाडवडिलांच्या गावी तो राहिला आणि तेथेच गाणी रचू लागला.

कंपन्यांकडून उत्तेजन मिळेना, तेव्हा त्यांनी घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर सबंध ध्वनिफीत तयार केली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, सर्व वाद्ये त्यांनीच वाजविली, सर्व आवाज त्यांचेच. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण त्यांनीच केले आणि वेष्टनावरील चित्रही त्यांनीच काढले. मग तयार कॅसेटी आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून गोव्यातील दुकानादुकानांत त्या स्वतः पोचविल्या. भारतात घरी ध्वनिमुद्रित झालेला पहिला अल्बम असे ‘गोवन क्रेझी’चे वर्णन केले जाते, ते यामुळेच.

चार ट्रॅक म्हणजे काय, हे थोडे समजून घेणे इष्ट होईल, कारण येथे यंत्राने कलेला हात दिला आहे. नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात. दोन एका बाजूसाठी आणि दोन दुसऱ्या बाजूसाठी. १९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने ‘टॅस्कॅम’ या नावाखाली असे यंत्र बाजारात आणले, की ज्यात हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरता येत आणि प्रत्येकावर वेगवेगळ्या वेळी मुद्रण करता येई. म्हणजे आज गिटार वाजवावी, उद्या ती ऐकत बासरी भरावी, परवा त्यावर आवाज चढवावा. चारांहून अधिक वाद्ये हवी असल्यास तीन पट्टे एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवावयाचे आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुन्हा नवे भरावयाचे. यात एक धोका असे. प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर वाढे आणि एकदा मिसळलेले स्वर पुन्हा वेगळे करता येत नसत. म्हणून अशा यंत्रावर काम करणाऱ्याला सबंध गाणे आधी डोक्यात पूर्ण करून मगच हात लावावा लागे. गवंड्याने पाया घालण्यापूर्वी छपराचा विचार करावा, तसेच हे. वास्तुशास्त्र शिकलेल्या माणसाला ही शिस्त परकी वाटली नसावी!

योगायोग असा, की याच सुमारास देशात कॅसेटचे युग सुरू झाले होते. आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांनी टेपरेकॉर्डर घरोघरी आणले. पुढे ते येथेही स्वस्त झाले. तबकडी दाबण्यासाठी कारखाना लागे, कॅसेटची नक्कल मात्र एका खोलीत करता येई. टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या आणि गावोगावचे छोटे उत्पादक यांनी त्या दशकात जुन्या कंपनीची मक्तेदारी पार मोडून काढली. पण या छोट्या उत्पादकांपैकी बहुतेक जण व्यापारी होते. गायक त्यांच्याकडेही मानधनापुरताच. रेमो यांच्या बाबतीत गायक आणि उत्पादक हे एकच होते. फरक आहे तो येथे.

३. आशयाचे नवेपण

परंतु घरी ध्वनिमुद्रण केले एवढ्याने कोणतीही कृती टिकत नाही. ‘गोवन क्रेझी’ हे नावच पाहा. इंग्रजीत ‘वेड लागत चालले आहे’ असे बोलीत म्हणताना ‘गोइंग’चा जो उच्चार होतो, त्यावर ‘गोवन’ म्हणजे गोमंतकीय या शब्दाचा श्लेष केला आहे. गोव्याबाहेरच्या जगाने गोमंतकीयांना ‘खुशालचेंडू’ म्हणून हिणवावे आणि गोमंतकीयाने तेच विशेषण पदकासारखे छातीवर लावावे, असा हा पवित्रा आहे. रेमो यांच्या या काळातील गाण्यांचा विषय प्रेमिकांचे विरह नव्हता. तो गोव्यातला रोजचा दिवस होता. तेथील माणसे, त्यांच्या खोडी, सरकारी कारभारातील ढिलाई, हे सारे त्यात नर्मविनोदी उपरोधाने येते. इंग्रजी भाषेतील गाण्यात लंडन किंवा न्यूयॉर्क येण्याऐवजी शिवोली आणि पणजी यावी, ही त्या वेळच्या भारतीय रॉकमध्ये नवलाची गोष्ट होती.

१९८५ साली त्यांनी ‘ओल्ड गोवन गोल्ड’ ही ध्वनिफीत काढून गोव्याची जुनी परंपरागत गाणी नव्या वाद्यमेळात सादर केली. १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये अमली पदार्थांविरुद्ध आवाज उठविला, ज्या किनाऱ्यांवर हिप्पींच्या आगमनापासून हे विष पसरत होते, त्यांच्या शेजारीच राहणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. त्याच वर्षी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या गोवा भेटीत, त्यांच्या समक्ष रेमो यांनी गोव्याच्या अडचणी सांगणारे गीत गाईले. हा उद्धटपणा आहे अशी टीका वृत्तपत्रांतून झाली. रेमो यांनी ती कात्रणे आणि गीताचे शब्द पंतप्रधानांकडे धाडले. गाणे आवडल्याचे उत्तर आले! गोव्यात तेव्हा राजभाषेचा वाद शिगेला पोचला होता. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला आणि ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. ‘आम्ही कोण?’ हा प्रश्न सारा समाज विचारीत असताना ही गाणी निघाली होती, हे विसरून चालणार नाही. एरव्ही ती केवळ गमतीची वाटतात. त्या काळात ठेवून ऐकली की त्यांतील स्वाभिमान ऐकू येतो.

४. प्रभाव कोणता आणि कोठपर्यंत?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रभाव तीन प्रकारांनी दिसतो.

पहिला प्रभाव कलावंताच्या स्वतःच्या वाटचालीवर झाला. ज्यांनी दारे बंद केली होती, त्यांनीच ती उघडली. श्याम बेनेगल यांच्या गोव्यावरील ‘त्रिकाल’ (१९८५) या चित्रपटात रेमो यांचा आवाज आला, ‘जलवा’ (१९८७) मुळे तो देशभर पोचला, सीबीएससारख्या मोठ्या कंपनीने त्यांच्या ध्वनिफिती काढल्या. २००७ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पण ही झाली यशाची कथा. यश आणि प्रभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा प्रभाव समकालीनांवर. रेमो यांच्या या कॅसेटींनंतर स्वतः रचलेल्या गाण्यांची ध्वनिफीत काढणे हे भारतीय बँडना अशक्य वाटेनासे झाले. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ची पहिली ध्वनिफीत १९८८ मध्ये आली, हाच बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ची पहिली ध्वनिफीत १९९३ ची; तिच्यात भारतीय सुरावट आणि रॉकचा ठेका यांचा मेळ आहे. या सर्वांनी रेमो यांचे अनुकरण केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचे संगीत निराळे, गुरू निराळे. परंतु ‘आपले स्वतःचे कोण ऐकेल?’ या प्रश्नाला एक जिवंत उत्तर आधीच मिळालेले होते, एवढे खात्रीने म्हणता येते.

तिसरा प्रभाव सर्वांत खोल आणि म्हणूनच सर्वांत अदृश्य. तो आहे पद्धतीचा. आज गावातला एखादा मुलगा स्वतःच्या खोलीत संगणकावर किंवा मोबाइलवर गाणे तयार करतो, एकेक वाद्य वेगवेगळे भरतो, चित्रही स्वतःच बनवितो आणि कुणाच्या परवानगीवाचून ते जगापुढे ठेवतो. चारऐवजी शंभर ट्रॅक त्याच्या हाताशी असतात. त्याने ‘गोवन क्रेझी’ ऐकलेलीही नसेल. तरीही तो जे करतो, ते शिवोलीच्या त्या घरात १९८४ साली करून पाहिले गेले होते. कॅसेट गेली, स्कूटर गेली, पद्धत राहिली.

जगाच्या इतिहासातही असेच दाखले सापडतात. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने १९७७ च्या जानेवारीत उसनवारीच्या सुमारे पाचशे पौंडांत आपली पहिली छोटी तबकडी स्वतः काढली. तिच्यातील गाण्यांपेक्षा ‘हे आपल्यालाही करता येईल’ या जाणिवेनेच शेकडो तरुण कामाला लागले. आपल्या मराठी साहित्यात तर याचे उदाहरण त्याहून जुने आहे. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदी तरुणांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित नियतकालिक काढले आणि पुढील लघुअनियतकालिकांच्या चळवळीची वाट मोकळी झाली. कोलटकरांचे ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तकही १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींनीच चालविलेल्या सहकारी प्रकाशनातून आले. चक्रमुद्रणाचे यंत्र आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

५. आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात, आणि ते टाळणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप भाषेचा. इंग्रजीतून गाणाऱ्याने गोव्याचा आवाज उठविला असे कसे म्हणावे? कोंकणी किंवा मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ही गाणी किती पोचली असतील? या आक्षेपात तथ्य आहे. लोर्नांचे गाणे ज्या ओटीवर पोचले, त्या प्रत्येक ओटीवर ‘गोवन क्रेझी’ पोचली नसणार. मात्र गोव्याच्या एका वर्गासाठी इंग्रजी ही चार शतकांच्या गुंतागुंतीच्या इतिहासानंतर घरात येऊन बसलेली भाषा आहे. ती उसनी म्हणून नाकारावयाची की आपल्या बोलण्याच्या लकबीने आपलीशी करावयाची, एवढाच पर्याय उरतो. रेमो यांनी दुसरा मार्ग निवडला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वास्तुशास्त्राची पदवी, युरोपचा प्रवास, वडिलोपार्जित घर आणि परदेशी यंत्र ज्याच्यापाशी आहे, त्याने स्वतंत्र होण्यात नवल ते काय? स्वातंत्र्य ही अशा रीतीने पुन्हा सुस्थितीतल्यांचीच मिरास ठरत नाही काय?

या आक्षेपाचे उत्तर शोधण्यासाठी गोव्याला जावयाची गरज नाही. ते आपल्या नागपुरातच आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक जमतात आणि जाताना पुस्तकांबरोबर गाणी घेऊन जातात. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी गावोगाव पायपीट करून रचलेली आणि गाईलेली भीमगीते आकाशवाणीवर क्वचितच लागत. कॅसेट आली आणि ही गाणी दीक्षाभूमीच्या परिसरातील दुकानांतून विदर्भाच्या खेड्याखेड्यांत गेली. या गाण्यांवर रेमो यांचा प्रभाव होता, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. दोहोंची भाषा, श्रोते, वेदना सर्वच निराळे. आणि म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे. एकाच दशकात, एकाच स्वस्त यंत्राच्या साह्याने, एकमेकांची ओळखही नसलेल्या दोन समाजांनी तीच गोष्ट केली. जे दुसरे कुणी छापत नव्हते, वाजवीत नव्हते, ते आपणच आपल्या माणसांपर्यंत पोचविले. सुस्थितीमुळे रेमो यांना हे सोपे गेले असेल. पण ते केवळ सुस्थितीतल्यांनाच साधते, हे दीक्षाभूमीवरील कॅसेटींनी खोटे ठरविले.

समारोप

सारांश, ‘गोवन क्रेझी’चा टिकाऊ प्रभाव तिच्या चालींत शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. आजच्या ध्वनिमुद्रणाच्या तुलनेत घरगुती चार ट्रॅकचा आवाज साधाच वाटणार. प्रभाव आहे तो तिने दिलेल्या तीन धड्यांत : विषय आपल्या गावचा असावा, साधन हाताशी असेल ते वापरावे, आणि मालकी आपली ठेवावी. यांपैकी तिसरा धडा सर्वांत अवघड आहे. साधने आज कधी नव्हती इतकी स्वस्त झाली आहेत, पण गाणे ज्या परक्या कंपन्यांच्या मोबाइल-मंचांवरून लोकांपर्यंत जाते, तेथील नियम गायक ठरवीत नाही. जुन्या तबकडी कंपनीच्या जागी नवा सावकार येऊन बसला आहे, असे कुणी म्हटल्यास त्यास चूक म्हणता येणार नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी उत्तम गाणारी मुले-मुली चित्रपटगीते हुबेहूब गाऊन टाळ्या मिळवितात. त्या टाळ्या त्यांच्या कष्टाच्या आहेतच. परंतु अंबाझरीच्या काठावरची संध्याकाळ, मे महिन्यातली सीताबर्डी, संत्र्याच्या बागेतला तोडणीचा दिवस, वऱ्हाडी-नागपुरी बोलीतला तिरकस विनोद यांवर स्वतः रचलेले एक तरी गाणे पुढच्या संमेलनात ऐकावयास मिळावे. ते हुबेहूब कुणासारखे होणार नाही, कदाचित पहिल्यांदा टाळ्याही कमी पडतील. शिवोलीहून निघालेल्या त्या पिवळ्या स्कूटरवरही पहिल्या दिवशी कुणी हार घातला नव्हता.